पप्पांनी गाळलेला उतारा

नवरा गेल्यानंतरच्या वर्षात मी एकच नवी गोष्ट शिकले, ती म्हणजे बायबलातल्या नव्या कराराची जुनी ग्रीक भाषा. शिकले म्हणणंही जास्तच आहे. अक्षरं ओळखू यायला लागली, शब्द लावून वाचता यायला लागले आणि त्यातल्या थोड्याफार शब्दांचे अर्थ डोक्यात राहिले. मुरूडला ज्या मेडिकलच्या दुकानात मी काउंटरवर बसते, तिथल्या मालकांना हे कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, परदेशात नोकरीला त्याचा उपयोग होतो का. मी म्हटलं, परदेशातलेसुद्धा आता ती बोलत नाहीत. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. त्या वर्षात सगळेच माझ्याकडे दयेने पाहायचे, त्यामुळे मला वेगळं काही वाटलं नाही.

हे खूळ माझ्या डोक्यातलं नव्हतं. सासऱ्यांचे डोळे गेले म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

सासरे चर्चचे निवृत्त पाळक, म्हणजे पाद्री. मूळचे नगरकडचे, इथल्या छोट्याशा मंडळीवर नेमणूक झाली आणि मग समुद्र सोडवेना म्हणून गावाबाहेर सुपारीच्या बागेला लागून चार खोल्यांचं घर बांधून राहिले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. नवरा एकुलता एक. तो त्यांना पप्पा म्हणायचा म्हणून मीही पप्पाच म्हणते.

मी खाडीपलीकडची, बोर्ली पंचतनजवळच्या गावातली, कुणब्याची मुलगी. रोह्याला कंपनीत आम्ही दोघं नोकरीला होतो, तिथे जमलं आणि रजिस्टर लग्न केलं. आमच्याकडे आधी आकांडतांडव झालं. पुढच्या थंडीत आईने जावयाला पोपटी खायला बोलावलं, त्याने मडक्यातल्या वालाच्या शेंगांवर असा काही आडवा हात मारला की प्रकरण तिथेच मिटलं. बाप्तिस्मा घे, असं पप्पा मला कधीही म्हणाले नाहीत. रविवारी मी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसत होते, घरी देव्हाऱ्यात गणपती होता, दोन्हीकडे कुणाची हरकत नव्हती.

शिमग्याच्या आधी, उन्हं तापायला लागली होती तेव्हा, नवरा दुसऱ्या पाळीला कामावर गेला. कंपनीतच त्याच्या छातीत कळ आली. त्याला चाळिशीही लागली नव्हती.

मी रडले नाही. आलेल्या बायका पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, रड गं बाय, मोकळी हो. मी प्रयत्नही केला, पण सांगून रडू येत नाही. मग त्याच बायका मागे कुजबुजायला लागल्या की हिला काही वाटलेलंच दिसत नाही. खरं तर त्या बरोबर बोलत होत्या. मला काहीच वाटत नव्हतं. भाकरी टाकताना तव्याला हात लागला तर तो भाजलाय हे फोड आल्यावर कळायचं. आमटीत मीठ नाही हे पप्पांनी सांगितल्यावर कळायचं, आणि तेही चार दिवस गप्प खाऊन पाचव्या दिवशी सांगायचे. आम्ही दोघं एका घरात राहत होतो आणि जो गेला त्याचं नाव दोघंही काढत नव्हतो. कुणी ठरवलं नव्हतं, तसं झालं.

भाऊ दर आठवड्याला फोन करायचा. आई वाट बघते, पोरी, तिकडं तुझा आता कोण हाय, असं त्याचं चालायचं. बोर्लीच्या बाजारात त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, ओळखी भरपूर, एक स्थळही त्याने मनात धरलं होतं. मी म्हणायचे, बघू. आईला बघू, भावाला बघू, मेडिकलवाल्यांनी पूर्ण वेळ येता का विचारलं तर त्यांनाही बघू. शेवटी भाऊ वैतागला आणि म्हणाला की येत्या शिमग्याला तो स्वतः फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून मला घेऊनच जाणार. मी बघू म्हटलं. पप्पा शेजारच्या खोलीत होते आणि त्यांना कान चांगले आहेत. ते राहा म्हणाले नाहीत आणि जा म्हणाले नाहीत.

त्यांच्या डोळ्यांचं दुखणं विचित्र होतं. पडद्याच्या मधोमध डाग पडलेला, त्यामुळे कडेचं दिसायचं आणि समोरचं दिसायचं नाही. दारात कोण आलं ते कळायचं, पण चेहरा कळायचा नाही. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघून बोलायचे, म्हणजे मी त्यांना जरा तरी दिसायचे. अक्षर मात्र दिसेना. भिंग आणलं, मोठ्या टाइपाचं पुस्तक मागवलं, काही उपयोग झाला नाही.

आणि त्यांचा तर तरुणपणापासूनचा नेम होता की सकाळी चहाच्या आधी नव्या कराराचा एक उतारा मूळ ग्रीकमधून वाचायचा. मंडळीतल्या एकाने त्यांच्या मोबाइलवर कुणा परदेशी माणसाच्या आवाजातलं वाचन घालून दिलं. ते दोन दिवस ऐकून पप्पांनी मोबाइल उलटा ठेवला. म्हणाले, ह्याला थांब म्हणता येत नाही. मग मराठीतूनच ऐका, मी वाचते, असं मी सुचवलं, तेव्हा ते म्हणाले की मराठीतलं सगळं पाठ आहे, त्यामुळे ते कानावरून नुसतं वाहून जातं. ग्रीकमध्ये शब्दाशब्दाला ठेच लागते, म्हणून ऐकू येतं.

मला ते काही समजलं नाही. पण सकाळचा तो वेळ कसा ढकलायचा हा माझ्यापुढेही प्रश्न होताच. मी म्हटलं, मला शिकवा, मी वाचून दाखवते.

आता शिकवणाऱ्याला दिसत नाही आणि शिकणारीला येत नाही, म्हणजे आंधळ्याच्या गाई देव राखी अशातलाच प्रकार. पप्पा पडवीत खुर्चीवर, मी पायरीवर, मांडीवर पुस्तक. मी अक्षराचं वर्णन करायचं आणि त्यांनी ते ओळखून उच्चार सांगायचा. मी सांगायचे, शेपटीवाला मासा आहे, तोंड डावीकडे. ते म्हणायचे, आल्फा. बेचकी आहे, खाली देठ आहे. गॅमा. अंड्याच्या मधून आडवी रेघ गेलीय. थीटा. एक अक्षर बाळाच्या ढुंगणासारखं होतं, ते सासऱ्यांना कसं सांगायचं म्हणून मी शेजारशेजारच्या दोन वाट्या म्हटलं, तर त्यांना अर्धा तास कळेना. एक दिवस मी म्हटलं, पप्पा, इथे त्रिशूळ आहे. ते म्हणाले, "आहे खरा. मंडळीत कुणाला सांगू नको, बाई."

पावसाळ्यात अक्षरं संपली, गणपतीच्या सुमाराला शब्द लागायला लागले. सगळ्यात आधी ओळखीचा झाला तो 'काइ', म्हणजे 'आणि'. ती माणसं प्रत्येक वाक्य आणिने सुरू करतात. आणि तो गेला, आणि ती म्हणाली, आणि ते उठले. मला हे बरं वाटायचं. काही घडलं तरी पुढे एक आणि असतोच, विचार करायचं काम नाही.

पप्पांचा एक कडक नियम होता, अर्थ कळल्याशिवाय पुढच्या शब्दावर जायचं नाही. मी वाक्य सुरात म्हणून टाकलं की ते हात वर करायचे. पोपटपंची नको, म्हणायचे, ह्या शब्दाचा अर्थ सांग. मला ते जाचायचं. मला अर्थ नकोच होता. आमच्या घरी गणपतीत वडील आम्हा भावंडांना रांगेत बसवून स्तोत्र म्हणून घ्यायचे. पालीला दर्शनाला गेलो की देवळाच्या आवारातही तेच. अर्थ विचारायची सोय नव्हती, कारण वडिलांनाही तो येत नव्हता. पण ओळ गळलेली त्यांना खपत नसे. एक ओळ गळली की पुन्हा पहिल्यापासून. गाळलेलं स्तोत्र देवापर्यंत पोहोचत नाही, अर्ध्या वाटेवरून माघारी येतं, असं ते सांगायचे. शब्द नीट म्हणावेत, पुरे म्हणावेत, बाकी ज्याचं त्याने बघावं, हे माझ्या हाडीमासी खिळलेलं होतं.

नव्या करारातलं तिसरं शुभवर्तमान चालू होतं. थंडी संपत आली होती. एका सकाळी एका अधिकाऱ्याचा आजारी चाकर बरा झाल्याचा उतारा आम्ही संपवला आणि मी पुढचा 'काइ' म्हटला, तोच पप्पांनी हात वर केला. "हे सोड. खाली परिच्छेद बदललाय बघ, त्याच्या पुढून घे."

मी विचारलं, का. म्हणाले, ते माहितीचं आहे. त्यांना तर सगळंच माहितीचं होतं. पण सासऱ्यांशी वाद घालायची आमची रीत नाही, मी पुढून घेतलं.

ते सोडलेलं मात्र मला टोचत राहिलं. तेवढा तुकडा वगळून आम्ही पुढे चाललो होतो आणि रोज पुस्तक उघडताना ते पान दिसायचं. मला वाटलं, म्हातारे झालेत, उताऱ्यातले शब्द अवघड असतील, ही अडखळेल आणि वेळ जाईल असं वाटलं असेल. मग मी एक उद्योग केला. पुस्तक पिशवीतून दुकानात न्यायला लागले. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा काउंटरमागे बसून तो उतारा मनातल्या मनात घोकायला लागले. नुसते उच्चार. अर्थासाठी पप्पा होतेच. मालकांना वाटलं मी जप करते, त्यांनी पंख्याचा वेग कमी केला.

वर्षश्राद्धासारखी त्यांच्यात स्मरणार्थ प्रार्थना असते, ती जवळ आली होती. शिमगाही आला होता. भावाने फोन करून दिवस सांगितला. मी बघू म्हटलं, तो म्हणाला, "आता बघू न्हाय. बॅग भरून ठेव."

त्या रविवारी सकाळी मी पप्पांना म्हटलं, आज मधेच थांबवायचं नाही, मी काहीतरी बसवलंय. ते खूश झाले, मान हलवली, हात मांडीवर ठेवले. आणि मी तो गाळलेला उतारा सुरू केला.

इतकं सुरेख मी त्याआधी कधी वाचलं नव्हतं. कुठेही अडले नाही. वडिलांनी शिकवलेल्या चालीत आपोआप सूर लागला, 'काइ' मागून 'काइ' येत गेले, शब्द तोंडातून नुसते सुटत होते. पप्पांनी एकदाही हात वर केला नाही. मला वाटलं, आज जिंकले. शेवटचं वाक्य म्हणून मी वर पाहिलं, तर ते नेहमीसारखे माझ्या कानाकडे बघत होते आणि त्यांचे गाल ओले झाले होते.

त्यांनी विचारलं, "काय वाचलंस ते कळलं?"

मी नाही म्हटलं.

"एकही शब्द कळला नाही?"

मी खाली पानाकडे पाहिलं. आई हा शब्द मला येत होता, तो तिथे होता. मुलगा येत होता. मेलेला येत होता. रडू नको हेही, जरा बघितल्यावर, लागलं. सगळे शब्द ओळखीचे होते आणि मी त्यांच्यावरून वाऱ्यासारखी निघून गेले होते. एक शब्द मात्र मला येत नव्हता. मी त्याची अक्षरं सांगितली. पप्पा म्हणाले, त्याचा अर्थ एकुलता.

मग त्यांनी ती गोष्ट मराठीत सांगितली, बातमी सांगावी तशी, आवाज न बदलता. एका विधवेचा एकुलता एक मुलगा वारला होता. त्याची तिरडी गावाच्या वेशीबाहेर निघाली होती. येशू समोरून आला, त्याला त्या बाईचा कळवळा आला, त्याने तिरडीला हात लावला आणि मुलाला उठ म्हटलं. मुलगा उठून बसला आणि बोलायला लागला.

"सगळी नोकरी मी हे दुसऱ्यांच्या घरी जाऊन वाचलं," पप्पा म्हणाले. "ज्यांचं पोर गेलंय त्यांच्याच घरी. धीर येतो म्हणून. माझा उठला नाही, बाई. तो त्या ॲम्ब्युलन्समध्ये होता, मी त्याच्या कपाळाला हात लावला, तो उठला नाही."

मी पुस्तक मिटलं. मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं, फक्त पायाला मुंग्या आल्या होत्या हे कळत होतं. मी म्हटलं, म्हणून तुम्ही ते गाळलंत होय.

त्यांनी मान हलवली. नाही म्हणाले. "ते मी ऐकलं असतं. जे सहन होत नाही ते रोजच ऐकतो."

"मग?"

"शेवटचं वाक्य आहे ना. मुलगा उठल्यावर येशूने काय केलं? त्याला आपल्यामागे नेलं नाही. त्याने तो त्याच्या आईला दिला." मग म्हणाले की शेजारच्या खोलीतून भावाचे फोन त्यांना सगळे ऐकू येत होते. माझी आई वर्षभर वाट बघत होती हेही ठाऊक होतं. पण सकाळी वाचायला कोण, म्हणून ते गप्प राहिले. दुसऱ्याचं लेकरू अडकवून ठेवलं होतं आणि ते वाक्य रोज थोडं थोडं जवळ येत होतं, म्हणून आधीच हात वर केला. "आता तू ते वाचलंस. शिमग्याला भाऊ येईल त्याच्याबरोबर जा. मी तुला तुझ्या आईला परत देतो."

एवढं म्हणून ते मोकळे झाल्यासारखे मागे टेकले, आणि माझं डोकं फिरलं.

खरंच फिरलं. वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं आणि तो राग होता. भावाने नेणार म्हटलं, यांनी देतो म्हटलं, आई घेणार होती, आणि मी काय फेरीबोटीवर चढवायची गाडी होते? मी सासऱ्यांसमोर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. मला कुणी कुणाला द्यायचं नाही, मी म्हटलं. तुम्ही देणारे कोण, आणि भाऊ नेणारा कोण? मला काय हवंय ते एकाने तरी विचारलंय का?

पप्पा घाबरले नाहीत. त्यांनी मान थोडी वळवली, म्हणजे मी त्यांना कडेने का होईना, दिसावी.

"बरं, चुकलो," ते म्हणाले. "मग सांग. तुला काय हवंय?"

मी तोंड उघडलं. राहायचं की जायचं यातलं काहीतरी एक म्हणायचं होतं.

"मला तो हवाय, पप्पा."

मी काय बोलले ते मला बोलल्यावर ऐकू आलं. पप्पांनी हात पुढे केला, तो माझ्या डोक्याच्या जरा बाजूला गेला, मग सापडलं डोकं.

"मला पण," ते म्हणाले.

मी रडले का, तर हो. फार नाही. वर्षभर साचलेलं सगळं बाहेर पडलं वगैरे काही झालं नाही. पाच-दहा मिनिटं रडले, नाक पुसलं आणि पुन्हा तसंच सुन्न वाटायला लागलं. पण मधे ती पाच-दहा मिनिटं होऊन गेली होती. पप्पांनी माझ्यानंतर थोडं रडून घेतलं. चहाची वेळ टळून गेली होती.

भावाचा फोन दुपारी आला. मी त्याला म्हटलं, यंदा येऊ नको. तो म्हणाला, "म्हंजे न्हाय येणार तू?" मी म्हटलं, येणार, पण माझी मी, फेरीबोटीने येईन आणि मला वाटेल तेव्हा परत जाईन; आईला द्यायला मी नारळ नाही, आणि स्थळ ज्याला पाहिजे त्याला सांग. तो चिडला, म्हणाला, आईला काय सांगू. मी म्हटलं, आईला फोन दे. आईशी बराच वेळ बोलले. ती रडली, मी ऐकून घेतलं, आणि तिने तोपर्यंत न विचारलेलं विचारलं, तुला तो फार आठवतो का गं. मी व्हय म्हटलं.

संध्याकाळी पप्पांनी दिवा लावायला सांगितलं आणि म्हणाले, तो उतारा पुन्हा काढ. आता रीतसर वाच. मी पान काढलं, पायरीवर बसले. पहिले दोन-तीन शब्द ठीक गेले. मग तिरडी आली, तिथे अडखळले. मग तो मेलेला, तिथे पुन्हा तसंच. सकाळी घडाघडा म्हटलेलं आता शब्दागणिक अडत होतं, आणि शब्दागणिक हात वर करणारे पप्पा हात मांडीवर ठेवून नुसते थांबून राहिले होते. एकुलता या शब्दापाशी मी आले आणि मला पुढे जाता येईना. त्याचीच अक्षरं मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. पप्पा म्हणाले, सावकाश, घाई नाही.

शेवटच्या वाक्यापर्यंत आम्ही त्या दिवशी पोहोचलोच नाही.